पॅसिफिक युद्ध आणि शाही भारतीय नौदल

दुसऱ्या महायुद्धात डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ या काळात जपानविरुद्ध जे सागरी युद्ध झाले, त्याचे मुख्य क्षेत्र पॅसिफिक महासागर हे होते. तथापि त्याची पश्चिमेकडील कड हिंदी महासागरात, थेट भारताच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. या कडेवर मुंबई हे प्रमुख ठाणे असलेल्या शाही भारतीय नौदलाने काफिल्यांचे संरक्षण, पाणबुड्यांचा पाठलाग, सुरुंग काढणे व किनारी चढायांना साहाय्य अशी कामे केली. कोरल समुद्र, मिडवे, लेटे आखात इ. प्रसिद्ध नौयुद्धांत भारतीय नौकांचा सहभाग नव्हता. त्यांच्या वाट्यास आलेले युद्ध लहान नौकांचे, दीर्घ गस्तीचे आणि बहुतांशी अप्रसिद्ध असे होते. त्यास एक ठळक अपवाद म्हणजे ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘बंगाल’ या नौकेने दोन जपानी छापामार जहाजांशी दिलेली झुंज होय.

मुंबईच्या गोदीत सतराव्या-अठराव्या शतकांपासून वाढत आलेल्या कंपनी सरकारच्या आरमारास वेळोवेळी नावे बदलून मिळाली. ‘शाही भारतीय नौदल’ हे नाव त्यास २ ऑक्टोबर १९३४ रोजी प्राप्त झाले. १९३९ मध्ये युद्धास तोंड लागले तेव्हा या नौदलात ‘हिंदुस्तान’, ‘इंडस’, ‘क्लाइव्ह’, ‘कॉर्नवॉलिस’ व ‘लॉरेन्स’ या स्लूप प्रकारच्या पाच नौका, एक गस्ती नौका व एक सर्वेक्षण नौका एवढाच संभार होता आणि अधिकारी व नौसैनिक मिळून मनुष्यबळ दोन हजारांच्याही आत होते. नौसैनिकांत रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर वावरलेल्या घरांतील ही माणसे होती. पुढे युद्धाच्या निकडीने पंजाब, मद्रास, बंगाल इ. सर्व प्रांतांतून भरती झाली आणि युद्धाच्या अखेरीस संख्याबळ पंचवीस हजारांवर गेले. एवढ्या अल्पावधीत झालेल्या या वाढीचे परिणाम केवळ युद्धापुरते मर्यादित राहिले नाहीत.

युद्धकाळात ब्रिटनमध्ये बांधलेल्या नव्या स्लूपांना भारतीय नद्यांची नावे देण्यात आली : ‘सतलज’, ‘जमना’, ‘नर्मदा’, ‘गोदावरी’, ‘कावेरी’ व ‘किस्ना’. (सिरोंच्याजवळून वाहणाऱ्या गोदावरीचे नाव धारण करणाऱ्या नौकेने ऑगस्ट १९४४ मध्ये सेशेल्स बेटांच्या परिसरात ‘फिंडहॉर्न’ या ब्रिटिश फ्रिगेटच्या साहाय्याने ‘यू–१९८’ ही जर्मन पाणबुडी बुडविली, हे मराठी वाचकांस बहुधा अपरिचित असावे.) याखेरीज ऑस्ट्रेलियात बॅथर्स्ट वर्गाच्या साठ नौका बांधल्या जात होत्या. त्यांतील ‘बॉम्बे’, ‘मद्रास’, ‘पंजाब’ व ‘बंगाल’ या चार भारतासाठी होत्या. सुरुंग काढणे व काफिल्यास सोबत करणे या दोन्ही कामांसाठी त्या योजल्या होत्या. समोरासमोरच्या तोफयुद्धासाठी मात्र त्यांची रचना नव्हती.

जपानने ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि १० डिसेंबर रोजी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ व ‘रिपल्स’ या ब्रिटनच्या दोन मोठ्या युद्धनौका मलायाच्या किनाऱ्याजवळ विमानांनी बुडविल्या. सिंगापूरला कुमक पोचविण्याचा एक मार्ग मुंबईहून निघत असे. मुंबई व मलाया यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या काफिल्यांना ‘बी. एम.’ अशी संज्ञा होती. २३ जानेवारी १९४२ रोजी मुंबईहून सुटलेल्या बाराव्या काफिल्यावर ५ फेब्रुवारी रोजी सिंगापूरच्या तोंडाशी जपानी विमानांनी हल्ला केला. ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ हे सैन्यवाहू जहाज पेटून निकामी झाले. ‘यारा’ या ऑस्ट्रेलियन स्लूपने त्याच्या पिछाडीस भिडून अठराशेहून अधिक माणसे उतरवून घेतली. माणसे वाचली, पण सामग्री व शस्त्रे जळाली आणि दहा दिवसांनी, १५ फेब्रुवारी रोजी, सिंगापूर पडले. मुंबईच्या धक्क्यावर चढलेल्या सैनिकांपैकी पुष्कळांना शत्रूवर एक गोळीही न झाडता युद्धबंदी व्हावे लागले.

यानंतरच्या दोन महिन्यांत घटनाचक्र वेगाने फिरले. जावा समुद्रातील लढाईत (२७ फेब्रुवारी) दोस्त राष्ट्रांचे संयुक्त आरमार मोडले, ८ मार्च रोजी रंगून गेले, २३ मार्च रोजी अंदमान बेटे जपानच्या हाती पडली. एप्रिलच्या प्रारंभी ॲडमिरल नागुमो याच्या हाताखालील पाच विमानवाहू जहाजांचे आरमार हिंदी महासागरात शिरले. ५ एप्रिल रोजी कोलंबो बंदरावर हल्ला झाला व ‘डॉर्सेटशर’ आणि ‘कॉर्नवॉल’ या ब्रिटिश क्रूझर बुडाल्या. ९ एप्रिल रोजी त्रिंकोमालीवर हल्ला होऊन ‘हर्मीस’ हे विमानवाहू जहाज बुडाले. दरम्यान ओझावा याच्या दुसऱ्या जपानी पथकाने बंगालच्या उपसागरातील व्यापारी जहाजांची धूळधाण केली. ६ एप्रिल रोजी विशाखापटनम् व काकिनाडा येथे बाँब पडले, तर त्याच दिवशी ‘इंडस’ ही भारतीय स्लूप अक्याबजवळ विमानहल्ल्यात बुडाली. पूर्व विदर्भास मुंबईपेक्षा हा आंध्र किनारा जवळचा, ही गोष्ट ध्यानात घेतली, तर युद्ध किती निकट आले होते याची कल्पना येते.

ॲडमिरल सॉमरव्हिल याचे ब्रिटिश आरमार या वेळी मागे हटले. जुन्या, मंद युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे धाडण्यात आल्या आणि वेगवान नौका घेऊन तो स्वतः काही दिवस मुंबईच्या आश्रयास आला. या माघारीवर पुढे बरीच टीका झाली. पण पाच विमानवाहू जहाजांसमोर उभे राहून आरमार गमावणे यात शहाणपण नव्हते, हे मान्य करावे लागते. जपानने हा विजय पुढे रेटला नाही. त्याचे लक्ष पॅसिफिककडे वळले आणि नागुमोच्या पाचांपैकी ‘आकागी’, ‘सोऱ्यू’ व ‘हिऱ्यू’ ही तीन जहाजे दोनच महिन्यांनी मिडवे येथे, ‘कागा’ या चौथ्या जहाजासह, अमेरिकन विमानांनी बुडविली. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील संकट असे हजारो किमी. दूरच्या एका प्रवाळबेटापाशी टळले.

या पराभवांचा एक परिणाम भूभागावरील, किनाऱ्यापासून दूरच्या प्रदेशांवरही झाला. ब्रह्मदेश गेल्याने तेथील सागवानाची आयात थांबली आणि रेल्वेचे स्लीपर, पूल, छावण्या व गोद्या यांस लागणाऱ्या लाकडाचा भार देशातील जंगलांवर पडला. तत्कालीन मध्यप्रांतातील चांदा जिल्ह्याची (विद्यमान चंद्रपूर व गडचिरोली) सागवनेही त्यातून सुटली नाहीत. लोखंडी नौकांच्या काळातही सागवानाचे महत्त्व टिकून होते. त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते खाऱ्या पाण्यात सहसा कुजत नाही व त्यात बसविलेले लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत. म्हणून नौकांच्या तक्तपोशीस त्याची निवड होई.

उघड्या आरमारी चढाईचा धोका ओसरला, तरी छुप्या हल्ल्यांचा ओसरला नव्हता. जपानी पाणबुड्यांनी मे १९४२ च्या अखेरीस एकाच सुमारास दोन टोकांना धाडसी छापे घातले. ३० मे रोजी मादागास्करच्या दिएगो स्वारेझ बंदरात आणि ३१ मेच्या रात्री ऑस्ट्रेलियातील सिडनी बंदरात बुटक्या पाणबुड्या सोडण्यात आल्या. नुकतीच नौदलात दाखल झालेली ‘बॉम्बे’ ही नौका त्या रात्री सिडनी बंदरातच नांगरलेली होती. मुंबईचे नाव घेतलेल्या नौकेने युद्धाचा पहिला अनुभव घेतला तो असा पॅसिफिकच्या काठी.

दिएगो स्वारेझकडे गेलेल्या पाणबुड्यांना इंधन पुरविण्याचे काम ‘होकोकु मारू’ व ‘आइकोकु मारू’ या दोन जहाजांकडे होते. ओसाका शोसेन काइशा या कंपनीसाठी बांधलेली ही सु. १०,४०० टनांची, ताशी २१ नॉट वेगाची नवी उतारू जहाजे जपानी नौदलाने ताब्यात घेऊन त्यांवर तोफा, पाणतीरनळ्या व टेहळणीची विमाने बसविली होती. व्यापारी जहाजासारखे दिसावे आणि एकट्यादुकट्या जहाजाजवळ जाऊन त्याला बुडवावे अथवा पकडावे, असा त्यांचा खाक्या. युद्धाच्या प्रारंभी त्यांनी पॅसिफिकमध्ये दोन अमेरिकन मालवाहू जहाजांचा बळी घेतला. १९४२ मध्ये हिंदी महासागरात ‘जेनोटा’ हे डच तेलवाहू आणि ‘हाउराकी’ हे न्यूझीलंडचे जहाज पकडले व ‘एलिसिया’ हे ब्रिटिश जहाज बुडविले.

‘बंगाल’ची झुंज : ‘बंगाल’ ही नौका सिडनीच्या कोकाटू गोदीत बांधली गेली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये नौदलात दाखल झाली. तिची लांबी सु. ५७ मी., वजन सातशे टनांच्या आसपास आणि वेग ताशी १५ नॉट होता. तिच्यासाठी योजलेली चार इंची तोफ उपलब्ध न झाल्याने तिच्यावर बारा पौंडी गोळ्याची तीन इंची तोफ बसविली होती, व तिचे गोळेही सु. चाळीसच होते. विमानविरोधी अशा काही हलक्या तोफा तेवढ्या अधिक. नौकेचा कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन हा शाही भारतीय नौदलाच्या राखीव दलातील अधिकारी होता आणि नौसैनिकांत बहुसंख्य नव्याने भरती झालेले भारतीय होते. ५ नोव्हेंबर १९४२ रोजी ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरातून ‘ओंडिना’ या सु. ६,३०० टनांच्या डच तेलवाहू जहाजास सोबत करीत ती दिएगो गार्सिया बेटाकडे निघाली. ‘ओंडिना’वर एकच चार इंची तोफ होती, तिचे गोळे बत्तीस.

११ नोव्हेंबर रोजी दुपारच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस, प्रथम एक व पाठोपाठ दुसरे अशी दोन मोठी जहाजे दिसली. त्यांच्यावर १४० मिमी. व्यासाच्या तोफा होत्या. त्यांची संख्या प्रत्येकी सहा की आठ, याविषयी वर्णनांत एकवाक्यता नाही. पण सहा धरल्या, तरी दोन्ही पक्षांच्या बळाची तुलना संभवत नाही. वेगातही जपानी जहाजे पाच-सहा नॉटांनी सरस होती, म्हणजे पळून सुटका नव्हती. विल्सनने ‘ओंडिना’स दूर निघून जाण्याची खूण केली आणि आपली नौका शत्रूच्या दिशेने वळविली. सोबतीच्या नौकेचे कर्तव्य काय, याचे उत्तर नौदलाच्या परंपरेत एकच आहे : शत्रू आणि सोबतचे जहाज यांच्यामध्ये उभे राहणे.

तोफयुद्धास सु. साडेतीन हजार यार्ड (सु. ३.२ किमी.) अंतरावर तोंड लागले. ‘ओंडिना’ही पूर्णपणे दूर न जाता आपल्या तोफेने मारा करू लागली. थोड्याच वेळात ‘होकोकु मारू’वर एक गोळा पडून प्रचंड स्फोट झाला व आग भडकली, ती आग दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत पोहोचली आणि तासाभराच्या आतबाहेर ते जहाज बुडाले. त्याच्याबरोबर कप्तानासह सु. ७५ माणसे गेली. ‘आइकोकु मारू’ने आता एकटीने दोघांवर मारा सुरू ठेवला. ‘बंगाल’वर गोळे आदळून पिछाडीस आग लागली आणि तिचा दारूगोळा संपत आला. धुराचा पडदा सोडून ती लढाईतून बाहेर पडली. इतक्या माऱ्यानंतरही तिच्यावर मनुष्यहानी झाली नाही, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

‘ओंडिना’चे हाल याहून अधिक झाले. गोळे संपल्यावर कप्तान विलेम होर्समन याने शरणागतीची खूण करून नौकात्यागाचा आदेश दिला आणि त्यानंतर आलेल्या गोळ्याने तो स्वतः ठार झाला. जपानी जहाजाने रिकाम्या ‘ओंडिना’वर पाणतीर सोडले, लहान होड्यांतील खलाशांवर यंत्रतोफांनी गोळीबार केला आणि आपल्या बुडालेल्या सोबत्याची माणसे उचलून, तेलवाहू जहाज बुडणारच असे समजून ते निघून गेले. पण टाक्या बव्हंशी रिकाम्या असल्याने जहाज तरंगत राहिले. होड्यांतील माणसे पुन्हा जहाजावर चढली, त्यांनी आग विझविली व आठवड्याभरात जहाज स्वतःच्या यंत्रांवर फ्रीमँटलला परत नेले. ‘बंगाल’ दिएगो गार्सियास पोचली. ‘ओंडिना’ बुडाली, असा तिच्यावरील लोकांचा समज होता.

श्रेयाचा वाद : ‘होकोकु मारू’वरील निर्णायक गोळा कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून वादग्रस्त आहे. भारतातील युद्धकालीन प्रसिद्धीने सारे श्रेय ‘बंगाल’ला दिले आणि तेच पुढे अनेक लोकप्रिय पुस्तकांत उतरले. डच वृत्तांत ते ‘ओंडिना’च्या तोफचींना देतात आणि ‘बंगाल’च्या निघून जाण्याविषयी त्यांत क्वचित कटु सूरही उमटतो. दोन्ही नौका एकाच वेळी एकाच लक्ष्यावर मारा करीत असता कोणाचा गोळा कोठे पडला, हे धुरात व गोंधळात कोणास खात्रीने सांगता येणे कठीणच. तरीही काही गोष्टी तौलनिकदृष्ट्या विचारात घेता येतात. चार इंची तोफेचा गोळा सु. १४ किग्रॅ. वजनाचा, तर ‘बंगाल’च्या तोफेचा साडेपाच-सहा किग्रॅ.चा. एवढ्या मोठ्या जहाजास एका तडाख्यात पेटविण्याची शक्यता पहिल्याची अधिक ठरते. त्यामुळे निर्णायक गोळ्याचे श्रेय ‘ओंडिना’ला देणे अधिक सयुक्तिक दिसते. परंतु ‘बंगाल’ शत्रूवर चालून गेली नसती, तर दोन्ही जपानी जहाजांच्या तोफा पहिल्या क्षणापासून ‘ओंडिना’वरच रोखल्या गेल्या असत्या आणि तिच्या तोफचींना नेम धरण्याइतकी उसंत मिळाली नसती.

राहता राहिला निघून जाण्याचा आक्षेप. बारा पौंडी तोफेचे गोळे संपत आल्यावर जळत्या नौकेनिशी तेथे थांबून ‘बंगाल’ला दुसरी नौका वाचविता आली असती, असे मानण्यास आधार नाही. तिच्या कप्तानाचा निर्णय कठोर होता, भ्याड नव्हता. डच खलाशांचा सल मात्र समजण्यासारखा आहे. होडीत बसून गोळीबार सोसणाऱ्याला क्षितिजावर लहान होत जाणारी सोबतीण दिसली, तर त्याने तोफेच्या गोळ्यांचा हिशेब करावा ही अपेक्षा अवाजवी ठरेल. विल्सनला पुढे विशेष सेवा पदक मिळाले, तसेच त्याच्या काही भारतीय सहकाऱ्यांनाही शौर्यपदके देण्यात आली.

या झुंजीचा युद्धावर झालेला परिणाम तिच्या आकाराच्या मानाने मोठा होता. सशस्त्र व्यापारी जहाजांकरवी हिंदी महासागरात छापे घालण्याची मोहीम जपानने यानंतर व्यवहारतः सोडून दिली. ‘आइकोकु मारू’चा उपयोग सैन्य व माल वाहण्याकडे होऊ लागला आणि १७ फेब्रुवारी १९४४ रोजी पॅसिफिकमधील ट्रुक बेटांवरील अमेरिकन विमानहल्ल्यात ती मोठ्या प्राणहानीसह बुडाली.

पाणबुड्यांचा उपद्रव १९४४ पर्यंत चालू राहिला. ११ फेब्रुवारी १९४४ रोजी ‘जमना’ने ‘लाँसेस्टन’ व ‘इप्स्‌विच’ या ऑस्ट्रेलियन नौकांच्या साहाय्याने विशाखापटनम्‌जवळ ‘आरओ–११०’ ही जपानी पाणबुडी बुडविली. यातील दोन्ही ऑस्ट्रेलियन नौका ‘बंगाल’च्याच वर्गातील होत्या. याच वर्षी १४ एप्रिल रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावरील सु. १,४०० टन स्फोटके व कापसाच्या गाठी पेटून भीषण स्फोट झाले आणि गोदीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. हे शत्रूचे कृत्य नव्हते. परंतु पूर्वेकडील युद्धासाठी एकाच बंदरावर केवढा भार टाकला गेला होता आणि स्फोटके उतरविण्याचे नियम घाईपोटी कसे शिथिल झाले होते, ते त्यातून उघड झाले.

१९४४–४५ च्या हिवाळ्यात आराकान किनाऱ्यावरील चढायांत भारतीय नौकांनी महत्त्वाची कामगिरी केली. या किनाऱ्यावर खाड्यांचे व तिवरांच्या दलदलीचे जाळे आहे. मोठ्या नौकांना तेथे शिरकाव नाही. जानेवारी १९४५ मध्ये रामरी बेट व कांगाव येथील उतरणीच्या वेळी ‘जमना’ व ‘नर्मदा’ यांनी खाड्यांत शिरून तोफांचा मारा केला, तर भारतीय नौसैनिकांच्या लहान मोटारनौकांनी रात्रीच्या गस्ती घालून जपानी होड्यांची वाहतूक रोखली. जपानने शरणागती पत्करल्यावर मलायाच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्यासोबत भारतीय स्लूप होत्या आणि १९४६ मध्ये ‘सतलज’ जपानमध्ये ठाण मांडलेल्या राष्ट्रकुल सैन्याच्या दिमतीस गेली.

युद्ध संपताच नौसैनिकांपुढे कपात, बेकारी आणि वागणुकीतील जुना भेदभाव हे प्रश्न उभे राहिले. समान धोका पत्करूनही ब्रिटिश नौसैनिकांच्या तुलनेने त्यांचे वेतन, अन्न व निवास निकृष्ट होते, आणि सुशिक्षित तरुणांची संख्या वाढल्याने ही विषमता सोसण्याची वृत्ती उरली नव्हती. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्यातील ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात संपास प्रारंभ झाला. पाहता पाहता तो ७८ नौका, २० किनारी ठाणी व सु. वीस हजार नौसैनिक यांपर्यंत पसरला, मुंबईत कामगार व विद्यार्थी रस्त्यावर आले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारी रोजी नौसैनिकांनी संप मागे घेतला. हा उठाव सामान्यतः स्वातंत्र्यलढ्याच्या संदर्भातच अभ्यासिला जातो. त्यात भाग घेणाऱ्यांपैकी अनेकांनी दोन-तीन वर्षांपूर्वी याच नौकांवर काफिले सांभाळले होते, ही बाजू अभ्यासकांकडून काहीशी उपेक्षित राहिली आहे.

१९४७ मध्ये नौदलाची विभागणी झाली, तेव्हा ‘बंगाल’ भारताच्या वाट्यास आली. भारतीय नौदलात तिने आणखी सु. तेरा वर्षे सेवा केली व १९६० मध्ये ती मोडीत काढण्यात आली.